भोकाचे पैसे

"भोकाला गिलावा लावलास काय रे तू? मग भोकाचे पैसे कसले मागतोस?"

इंजिनिअर साहेबांनी हे माझ्या बापाला विचारलं. मुद्दाम मोठ्यानं. साईटवरचे सगळे हसले. सुतार हसले, प्लंबर हसला, वॉचमन हसला. साहेब ज्यांच्या पगारावर होते ते ठेकेदार शेठ लोखंडी खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनाही हसू आलं, कप बशीत ठेवावा लागला.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, ऑफिसच्या दारात उभे होते. आत नवी फरशी होती. तिला सिमेंट लागू नये म्हणून पाय धुऊन आलेले. चपला हातात.

मी त्यांच्या मागे. सातवीतली. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी साईटवर भाकरी घेऊन जायची. त्या दिवशी शेवटचा हिशोब होता म्हणून थांबले होते. नाना म्हणाले होते, "थांब आज. पैसे घेऊन संगंच जाऊ. तुला कंपासपेटी घ्यायची हे ना?"

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. शहराच्या कडेला गंगापूर रोडला पेरूच्या बागा तुटत होत्या आणि सोसायट्या उठत होत्या. तशाच एका तीन मजली सोसायटीचं बांधकाम शेठकडं होतं. नाना गवंडी. आयुष्यभर रोजानं काम केलेलं. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी गिलाव्याचं काम ठेक्यानं घेतलं. सिमेंट, वाळू शेठची. मजुरी नानांची. शंभर चौरस फुटांचा एक ब्रास धरायचा आणि ब्रासला अमुक इतका दर. दर तोंडी ठरला. कागद कसला? शेठनं "कर सुरू" म्हटलं, नानांनी मान हलवली. झाला करार.

नानांनी चार बिगारी रोजावर घेतले. जोडीला सलीमचाचा, शहरातल्या भद्रकाली भागातले जुने गवंडी, नानांचे दोस्त. माझी आई घमेली वाहायला. आईला रोज नव्हता. घरचीच बाई, तिला कसला रोज?

चार महिने काम चाललं. नाना सकाळी सातला बांबूच्या परांचीवर चढायचे. त्यांच्या हातचा गिलावा असा की संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं तरी भिंतीवर लाट दिसायची नाही. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. त्या इमारतीची भिंत आजही बघता येईल.

मग मोजणी झाली. आणि साहेबांनी प्रत्येक खिडकी, प्रत्येक दार दोनदा वजा केलं. भिंतीच्या आतल्या अंगानं एकदा, बाहेरच्या अंगानं एकदा.

नाना म्हणाले, "साहेब, दोन्ही अंगानं वजा करू नका. खिडकीच्या आत कडा हायेत ना. खालचा पाट, वरचा माथा, दोन्ही बाजूचे गाल. तिथं बी गिलावा केलाय. कोपरा सरळ काढाया भिताडापेक्षा जास्ती येळ जातो. त्याचं कायच धरलं नाय तुम्ही. म्हून एकच अंग वजा करायचं. तशी रीत हे."

"कुठली रीत? कुठं लिहिलीय? दाखव."

नानांना वाचता येत नव्हतं. सही तेवढी यायची. ते म्हणाले, "लिव्हलेलं मला काय ठावं साहेब. पण सगळीकडं असंच करत्यात."

तेव्हा साहेब ते भोकाचं बोलले. आणि हसणं थांबल्यावर आणखी म्हणाले, "सरकारनं तुम्हा लोकांना फुकटाची सवय लावून ठेवलीय. आता भिंतीतली भोकंसुद्धा विकायला निघालात."

'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणत्या जातीला, हे साईटवर सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. सलीमचाचांनी मान खाली घातली. त्यांनाही उद्या काम हवं होतं.

मग साहेबांची नजर माझ्यावर पडली.

"ही तुझी ना? कितवीत गं?"

"सातवीत."

"गणित येतं?"

गणित मला यायचं. वर्गात पहिली मी. मी पुढं झाले. लाजले नाही, उलट बरं वाटलं. साहेबांनी त्यांची पेन्सिल माझ्या हातात दिली. लाल-काळी, टोकदार. आमच्या वर्गात तशी पेन्सिल कोणाकडं नव्हती.

"भिंत वीस फूट लांब, दहा फूट उंच. त्यात खिडकी चार बाय पाच. भिंत किती उरली?"

मी लिहिलं. दोनशे वजा वीस. "एकशे ऐंशी."

"आणि बाहेरून?"

"बाहेरूनही एकशे ऐंशी."

"मग कोणाचं बरोबर? तुझ्या बापाचं का माझं? सांग त्याला."

पुस्तकात गणितं तशीच होती. भिंतीचं क्षेत्रफळ काढा, खिडकीचं वजा करा. पुस्तकातल्या भिंतीला जाडी नव्हती. तिथल्या खिडकीला गाल नव्हते. मी नानांकडं वळले आणि म्हणाले,

"नाना, साहेबांचं बरोबर आहे."

पुन्हा सगळे हसले. ह्या वेळी जास्त.

नानांनी माझ्याकडं बघितलं. किती वेळ ते सांगता येत नाही. मग म्हणाले, "बरं. कुठं सही करू?"

कागद तयारच होता. साहेब म्हणाले, "पोरीला वाच म्हणावं, म्हणजे उगाच नंतर बोंब नको." मी खणखणीत आवाजात वाचला, शाळेत धडा वाचतात तसा. 'गिलाव्याच्या कामाचा हिशोब पूर्ण भरून पावलो. आता काही येणे राहिले नाही. काही तक्रार नाही.' नानांनी खाली सही केली. एकेक अक्षर काढत. शेठ म्हणाले, "पोरगी हुशार आहे." एक रुपयाची नोट काढून मला दिली.

मी ती घेतली.

त्या वजावटीत नानांचा सगळा नफा गेला. वर घरचंही गेलं. सबंध इमारतीची दारं-खिडक्या, दोन्ही अंगांनी. चार बिगाऱ्यांचा रोज द्यायचा राहिला होता. ते आमच्यासारखेच, पेठ तालुक्यातल्या डोंगरातून पोटासाठी आलेले. नानांनी त्यांना एक दिवसही थांबवलं नाही. सायकल विकली. आईच्या पायातले वाळे विकले. सलीमचाचा म्हणाले, "मेरा रहने दो, बाद में देखेंगे." नानांनी तेही दिले.

मग नाना पुन्हा रोजानं जायला लागले. सातपूरला, पायी. ठेक्यानं काम त्यांनी नंतर कधी घेतलं नाही. कोणी घे म्हटलं तर हसून म्हणायचे, "मला नाय जमत मोजायला."

पण नाव पडलं ते पडलंच. भोकवाला मिस्त्री. मजुरांच्या नाक्यावर लोक तसं हाक मारायचे. वस्तीतली पोरं मला भोकवाल्याची म्हणायची. मी त्यांच्यावर चिडायची नाही. नानांवर चिडायची. वाटायचं, येत नव्हता हिशोब तर कशाला घेतला ठेका? कशाला चारचौघांत तोंड उघडलं? कधी ते कुणाच्या घराच्या भिंतीचं माप मनातल्या मनात काढायचे आणि मला म्हणायचे, "बघ बरं, इतकं येतं का?" मी म्हणायची, "राहू द्या नाना. तुम्हाला नाही कळायचं."

हे मी म्हणायची. एकदा नाही. वर्षानुवर्षं.

नानांची छाती सिमेंटनं खाल्ली. शेवटचे दोन महिने ते सिव्हिलमध्ये होते. मी दहावी होऊन टायपिंग शिकत होते. संध्याकाळी त्यांच्या खाटेजवळ बसायची. ते वॉर्डाच्या भिंतीकडं बघत पडायचे. एकदा म्हणाले, "त्या खिडकीचा कोपरा बघ. लय घाई केली गड्यानं." मी बघितलंसुद्धा नाही. "झोपा" म्हणाले. त्या आठवड्यात ते गेले.

टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झाल्यावर मला सी.बी.एस. बसस्टँडजवळ, कोर्टासमोरच्या एका वकिलांच्या ऑफिसात नोकरी लागली. वकीलसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. जात विचारली नाही. स्वच्छ बोलायचे, पगार एक तारखेला द्यायचे. एकच अट घातली होती. "ह्या खोलीतलं ह्या खोलीत. बाहेर काही न्यायचं नाही." मी ती पाळली. दोन वर्षं दावे, नोटिसा, कैफियती टाइप केल्या. दुसऱ्यांची भांडणं. माझ्या बोटांखालून जायची, मनापर्यंत यायची नाहीत.

एक दिवस वकीलसाहेबांनी एक फाईल दिली. एका ठेकेदाराचा एका सोसायटीवर दावा. बांधकामाचे पैसे राहिलेले. मी कागद मशीनवर चढवला आणि वादीचं नाव टाइप केलं. नाव शेठचं होतं.

हात थांबले. पण मी पुढं टाइप करत गेले. काम होतं. आणि सहाव्या कलमाशी आले. ते मला पाठ आहे.

'प्रतिवादी संस्थेने गिलाव्याच्या मोजणीत दारे व खिडक्या यांची दोन्ही अंगांनी वजावट केली आहे. ही वजावट बेकायदेशीर व प्रचलित मोजणीच्या नियमांविरुद्ध आहे. अशा आकाराच्या दारांची व खिडक्यांची एकाच अंगाने वजावट करावयाची असते, कारण त्यांच्या आतील कडांच्या गिलाव्याची मजुरी दुसऱ्या अंगात भरून निघते.'

नाना जे बोलले होते ते. शब्दाला शब्द. फक्त शुद्ध भाषेत.

नियम लिहिलेला होता. सरकारी दरसूचीत होता, मोजणीच्या नियमात होता. फाईलला त्याची नक्कल जोडली होती. साहेब नानांना म्हणाले होते ना, कुठं लिहिलीय ते दाखव? साहेबांच्या कपाटात ते पुस्तक असणारच.

आणि पुराव्यासाठी शेठनं आपल्या जुन्या कामांची बिलं जोडली होती. आजवर सगळ्या मालकांनी मला असेच पैसे दिले, हे दाखवायला. त्यात चौथं बिल गंगापूर रोडच्या त्या सोसायटीचं. नानांच्या सोसायटीचं. मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. खिडकी, चार बाय पाच. वजावट, एक अंग. खिडकी, चार बाय पाच. वजावट, एक अंग. खाली इंजिनिअर साहेबांची सही. मालकाकडून रक्कम मिळाल्याचा शेरा.

म्हणजे त्याच भिंतीची दोन मोजमापं झाली होती. मालकाकडून पैसे घ्यायला एक, नानांना द्यायला दुसरं. नानांनी काढलेल्या खिडकीच्या गालांचे पैसे शेठला मिळाले होते. भोकाचे पैसे कोणीतरी घेतलेच होते. नानांनी नव्हे.

मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. परत येऊन उरलेला दावा टाइप केला. एकही चूक केली नाही.

संध्याकाळी पक्षकार गेल्यावर मी वकीलसाहेबांना विचारलं, "साहेब, तोंडी ठरलेल्या कामाचे पैसे कायद्यानं मागता येतात?"

"येतात की. तोंडी करार हाही करारच. दर ठरला नसेल तरीसुद्धा, जो माणूस फुकट करायचं म्हणून काम करत नाही आणि दुसरा त्या कामाचा फायदा घेतो, त्याला मोबदला द्यावाच लागतो."

"किती दिवसांत मागायचे?"

"काम पुरं झाल्यापासून तीन वर्षं."

"आणि पूर्ण भरून पावलो म्हणून सही केली असली तर?"

"मग अवघड. निदान सहीच्या वर 'हक्क राखून' एवढे दोन शब्द लिहायला हवे होते."

दोन शब्द. मी ते लिहू शकले असते. लिहिता येणारी तिथं मी होते.

"पण साहेब, त्याला नियम माहीतच नव्हता."

"कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही. कायदा जागा असणाऱ्याला मदत करतो. झोपलेल्याला नाही."

नाना झोपले नव्हते. सकाळी सातपासून परांचीवर होते. हे मी बोलले नाही. विचारलं, "आणि समोरच्यानं जाणूनबुजून नियम लपवला असला तर?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "फसवणूक असेल तर ती कळल्यापासून मुदत मोजतात. वारसही दावा करू शकतात. पण पुरावा लागतो. पुरावा आहे?"

माझा हात फाईलवर होता. त्यांनी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि हळूच फाईल आपल्याकडं ओढून घेतली.

"हे माझ्या अशिलाचे कागद आहेत," ते म्हणाले. आवाज कठोर नव्हता. "तुला अट सांगितली होती."

कपाटाची किल्ली माझ्याकडं असायची. तो कागद मी चोरू शकले असते. तीन दिवस तेच डोक्यात होतं. पण चोरलेला कागद घेऊन कोर्टात उभी राहिले असते तर पहिला प्रश्न मलाच विचारला असता, हा आणला कुठून? आणि आमच्यासारख्याला चोर ठरवायला कोणाला वेळ लागत नाही. मी म्हटलं, दावा दाखल झालाय, कागद कोर्टात पुराव्याला लागले की रीतसर नक्कल मागू. महिना थांबले. दोन महिने थांबले. मग शेठची आणि सोसायटीची तडजोड झाली. आमच्याच ऑफिसात, चहा पीत. एकाच अंगाची वजावट, असं ठरलं. दावा काढून घेतला. कागद कोर्टातून परत आले आणि शेठच्या माणसानं पिशवीत घालून नेले.

आईला मी त्या दिवशी सांगितलं. तोवर सांगायची हिंमत झाली नव्हती. आई दारात ज्वारी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. नियम, बिल, सही. म्हणाले, "आई, नानांचं बरोबर होतं. नानांना हिशोब येत होता. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपलंच चुकलं."

आईचा हात थांबला नाही. खडे वेचत राहिली.

"त्यांना कुठं वाटत व्हतं?" ती म्हणाली. "त्यांना तवाच ठावं व्हतं. घरी येऊन मला म्हणले, माझं बरोबर हे. धा ठिकाणी काम केलंय, मला कळत नाय व्हय? मी म्हणले, मंग भांडला का नाय? सही का केली?"

"मग?"

"म्हणले, पोरगी चारचौघांत बोलली साहेबाचं बरोबर हे. आता मी भांडलो तर पोरगी खोटी पडती. साहेबाम्होरं, समद्या लोकाम्होरं. पुन्यांदा तोंड उघडायची नाय ती. शाळेवरचा इस्वास उडंल तिचा. म्हणले, पैसं काय, जात्यात. पोरीला कसं खोटं पाडू?"

मी आईसमोर उंबऱ्यावर बसले.

"मला का नाही सांगितलं? इतकी वर्षं?"

"सांगू नको म्हणले. शपथ घातली व्हती." आईनं सूप खाली ठेवलं. तेव्हा तिचे डोळे भरले. "तू त्यांना रागं भरायचीस ना, तुम्हाला कळत नाय म्हणून. मी म्हणायची, सांगून टाकू का? तर म्हणायचे, राहू दे. तिला कळंल तवा कळंल."

मला कळलं तेव्हा ऐकायला ते नव्हते.

त्यानंतर किती दिवस मी काय जेवले, कशी कामाला गेले, आठवत नाही. रस्त्यानं चालताना घराघरांच्या खिडक्या दिसायच्या. कुठल्याही खिडकीकडं बघितलं की त्या आतल्या कडा दिसायच्या. कोणीतरी उकिडवं बसून, मान वाकडी करून, थापीच्या टोकानं काढलेल्या. ती गंगापूर रोडची इमारत मी एकदा लांबून बघून आले. एका खिडकीत कोणीतरी कुंडी ठेवली होती.

मग एके दिवशी शेठ स्वतः ऑफिसात आले. केस पांढरे झालेले. बरोबर मिठाईचा पुडा, तडजोडीच्या खुशीचा. बसल्या बसल्या म्हणाले, "वकीलसाहेब, आता ह्या मिस्त्री लोकांची कटकट नको. एक कागद तयार करून द्या. काम देतानाच सह्या घेऊन ठेवतो. तारीख मागाहून टाकू."

वकीलसाहेब चुळबुळले. "कोऱ्या तारखेवर सही घेणं बरं नव्हे, शेठ."

"कोण विचारतंय? दोनशे प्रती लागतील. स्टेन्सिल कापून द्या, पुढचं मी बघतो."

वकीलसाहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "स्टेन्सिल लाव." आणि सांगायला लागले. "मी खाली सही करणार… जागा सोड… लिहून देतो की, कामाचा हिशोब पूर्ण भरून पावलो…"

स्टेन्सिल मशीनवर होता. निळा, मेणाचा. त्याच्यावर अक्षर मारलं की कापलं जातं, मग त्यावरून हव्या तितक्या प्रती निघतात. मी 'मी खाली सही करणार' इथवर मारलं होतं.

मी हात मांडीवर घेतले.

"हे मी टाइप करणार नाही."

"काय?" वकीलसाहेब म्हणाले.

"हे दोनशे लोकांनी काम करायच्या आधीच लिहून द्यायचं, की आमचं काही येणं नाही. हे मी टाइप करणार नाही."

शेठनं मान वळवली. "कोण ही?"

मी उभी राहिले. नानांचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, गावासकट. सांगितलं की गंगापूर रोडच्या तुमच्या सोसायटीचा गिलावा त्यांनी केला. तुम्ही मालकाकडून पैसे घेताना एका अंगाची वजावट केली आणि त्यांना देताना दोन्ही अंगांची. साहेबांनी गणित माझ्याकडून करून घेतलं आणि तुम्ही मला रुपया दिलात.

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा उतरेल. निदान राग येईल. शेठनं कपाळाला आठ्या घातल्या. खरंच आठवायचा प्रयत्न केला. मग वकीलसाहेबांकडं बघून म्हणाले,

"कुठला मिस्त्री? असे शेकडो असतात हो."

त्यांना आठवत नव्हतं. आमच्या घरातला एक माणूस त्या दिवसाखाली दबून मेला आणि त्यांना तो दिवस आठवतही नव्हता. ते खोटं बोलत नव्हते. हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

मी स्टेन्सिल मशीनमधून ओढून काढला, चुरगाळला. वकीलसाहेबांनी बावीस दिवसांचा पगार मोजून टेबलावर ठेवला. म्हणाले, "पावतीवर सही कर." मी पावतीवर माझ्या हातानं लिहिलं, 'बावीस दिवसांचा पगार मिळाला.' तेवढंच. भरून पावले असं लिहिलं नाही.

टायपिंग क्लासच्या बाईंनी एक जुनं मराठी मशीन हप्त्यानं दिलं. कोर्टाच्या कुंपणाला लागून अर्ज लिहिणारे बसतात, त्यांच्या रांगेच्या शेवटी मी बसायला लागले. एकटी बाई. पहिले दिवस लोक बघून जायचे. पण माझं खरं काम त्याच्या आधी, सकाळी, मजुरांच्या नाक्यावर असायचं. ठेक्यानं काम घेणारा गवंडी दिसला की त्याला गाठायचं. एक कागद द्यायचा. त्यावर काम काय, दर किती, मोजायचं कसं आणि वजावट कशाची, पैसे कोणत्या दिवशी. खाली दोघांच्या सह्या.

लोक हसले. एक जण म्हणाला, "बाई, कागद दाखवला तर काम दुसऱ्याला देतील. कागद खाऊ का आम्ही?" त्याचं चूक नव्हतं. दोघांनी माझा कागद मालकापुढं धरला आणि दोघांचंही काम गेलं. त्यातल्या एकाची बायको माझ्याकडं येऊन रडली, शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या.

मग सलीमचाचा आले. म्हातारे झालेले, पण हात चालत होता. म्हणाले, "बेटी, त्या दिवशी मी मान खाली घातली. तुझ्या बापाचं बरोबर होतं, मला मालूम होतं. मैं चुप रहा. दे तो कागद." शहरातल्या द्वारका चौकाजवळ एका बंगल्याचं काम त्यांना मिळत होतं. कागद घेऊन गेले.

दुपारी परत आले. मशीनच्या खोक्यावर कागदाचे चार तुकडे ठेवले.

"फाडला. म्हणाला, तुझ्यासारखे पन्नास मिळतात."

"आता काय करणार, चाचा?"

ते खाली बसले. पाणी प्यायले. पंच्यानं तोंड पुसलं.

"दुसरा टाइप कर," म्हणाले. "उद्या परत जातो. नाही म्हणाला तर परवा दुसरीकडं."

मी चार कोरे कागद घेतले, मध्ये तीन कार्बन घातले आणि मशीनवर चढवले. एक मालकाला, एक गवंड्याला, एक माझ्याकडं, आणि एक लेबर ऑफिसला पोस्टानं. फाडून फाडून किती फाडतील? मला तासाला दहा टाइप करता येतात. रोज करीन. कामं जातील, मला माहीत आहे. माझ्यापायी चुली बंद पडतील, शिव्या मिळतील, त्याही घेईन. पण दर, माप आणि वजावट लिहून घेतल्याशिवाय माझ्या वस्तीतला माणूस ह्या शहरात परांचीवर पाय ठेवणार नाही. मी ठेवू देणार नाही.